खिडकीच्या आत खिडकी

सदाशिवराव चांदोरकर जन्माने कलकत्त्याचे. त्यांचे वडील एका नाटक मंडळीबरोबर ऑर्गन दुरुस्त करणारे म्हणून इकडे आले आणि विषमज्वराने अंथरुणाला खिळले. मंडळी पुढच्या मुक्कामाला काशीला निघून गेली, वडील मागे राहिले. बरे झाले तेव्हा चितपूर रोडवरच्या एका पेटीच्या दुकानात त्यांना काम लागलं होतं. मग परत जाणं झालंच नाही. पुढे तेच काम मुलाच्या हाती आलं. सदाशिवराव पेटीचे सूर लावत. पितळेच्या पातळ जिभा कानशीने घासायच्या, टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, एवढंच ते शास्त्र. पण हे ‘एवढंच’ शिकायला वडिलांच्या हाताखाली त्यांची अकरा वर्षं गेली होती.

बागबाजारात, ट्रामच्या रस्त्यावर, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर ते बायकोसह भाड्याने राहत. मूलबाळ नव्हतं. बायको कालिंदी वाईची. लग्न होऊन आली तेव्हा तिला बंगालीचा एक शब्द येत नव्हता. आता, १९५४ साली, मासेवाली खालून हाक मारायची तर ती ‘आम्ही खात नाही’ हे अशा ठसक्यात सांगायची की मासेवालीच हसत सुटायची. सदाशिवराव सूर लावायला बसले की कालिंदीबाई समोर बसून भाता मारत. पंचवीस वर्षं हा नेम होता. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने शेंगा सोलणं.

घराच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहत. नाव निभाननी देवी, वय पंच्याहत्तरच्या पुढे. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणे, म्हणजे मावशी. सदाशिवराव त्यांचे भाडेकरू होते असं कागद म्हणत होता. माशीमा मात्र कधी तसं वागल्या नाहीत. संक्रांतीचे तिळगूळ खाली जात आणि पौषातले पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, वर येत, बशी कधी रिकामी परत गेली नाही.

त्या वर्षी चैत्रात सदाशिवरावांच्या आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट घडली. त्यांनी लावलेली पेटी परत आली.

पेटी शैलाताई राजाध्यक्षांची होती. दक्षिण कलकत्त्यातल्या मुलींच्या शाळेत त्या गाणं शिकवत. स्वतः रिक्षातून पेटी घेऊन आल्या, चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग अगदी संकोचून म्हणाल्या, “अण्णा, रागावणार नसाल तर सांगते. वरच्या सप्तकात दोन-चार जोड्या जरा टोचतात हो.”

दुहेरी सुरांच्या पेटीत एका पट्टीमागे दोन जिभा एकदम बोलतात. दोन्ही अगदी एक झाल्या तर सूर तेलाच्या धारेसारखा निघतो. किंचित फरक राहिला तर आवाज थरथरतो. ही थरथर मोडणं म्हणजेच सूर लावणं. सदाशिवरावांनी शैलाताईंसमोर पट्टी दाबली, पण नेमकी तेव्हाच खालून ट्राम गेली. घंटा, चाकांची किंकाळी, आणि तिच्या मागून तावदानांचा खडखडाट.

“बघा,” सदाशिवराव म्हणाले, “ह्यात काय ऐकणार माणूस?”

ते खोटं नव्हतं. पूर्वी ते शेवटची ट्राम गेल्यावर कामाला बसत आणि पहिली सुटायच्या आत आवरत. चार वर्षांपूर्वी छातीत धडधड सुरू झाली आणि डॉक्टरांनी जागरण बंद केलं. दिवसा काम करायचं तर ट्रामशी गाठ होती. मागची खोली म्हणजे बिनखिडकीचं स्वयंपाकघर, आणि त्याच्या भिंतीपलीकडे छापखान्याचं यंत्र अखंड धापा टाकत असे. घर बदलायचं तर माशीमांना सोडून जायचं. ते दोघांपैकी कुणाच्या मनातही येत नव्हतं.

शैलाताई गेल्या आणि सदाशिवराव ट्रामवर चिडून बसले. कालिंदीबाई उठल्या. त्यांनी पेटीवर फडकं घातलं.

पूर्वी एकदा एका रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत पेटी नीट करायला बोलावलं होतं, ते सदाशिवरावांना आठवलं. तिथे गाणाऱ्याच्या खोलीत आणि यंत्राच्या खोलीत एक खिडकी होती. एक नाही, दोन काचा, मध्ये चांगलं अंतर. काचेपलीकडे दोन माणसं तोंड फाटेस्तोवर भांडत होती आणि अलीकडे चकार शब्द येत नव्हता. आपल्या खोलीला तशी खिडकी का नसावी? त्यांनी खाली जाऊन माशीमांना विचारलं.

“भिंतीला नाही, खिडकीलाच हात लावायचा आहे,” ते म्हणाले.

माशीमांनी नजर वरच्या मजल्याकडे नेली. “हिमांशूला विचारते,” म्हणाल्या. “तो आता खिडक्याच विकतो.”

हिमांशू हा माशीमांच्या दिराचा मुलगा. इंजिनियर होऊन दोन वर्षं झालेली, एका बांधकामाच्या सामानाच्या कंपनीत नोकरी, आणि नव्या गोष्टींवर मनापासून भक्ती. रविवारी तो मोजपट्टी घेऊन आला. खोलीला रस्त्याकडे दोन खिडक्या होत्या, दीड माणूस उंच. बाहेरून आडव्या लाकडी पट्ट्यांची झडप, मधली दांडी वर-खाली केली की पट्ट्या उघडत आणि मिटत. बंगाली लोक तिला खडखडी म्हणतात. आत काचेची दारं, वर अर्धगोलात तांबड्या-निळ्या काचा. सगळं बर्मी सागाचं, ऐंशी वर्षांचं.

“हे सगळं काढायचं, सदाशिवबाबू,” हिमांशू म्हणाला. “लाकूड जुनं झालंय, चिरा पडल्यात, आवाज तिथूनच येतो. त्या जागी लोखंडी चौकट, दोन काचा, मध्ये बोटभर हवा कोंडलेली. विलायतेत आता असंच करतात. घर उबदार राहतं.”

“उबदार?” कालिंदीबाई पदराने वारा घेत म्हणाल्या. “बाबा रे, वैशाख तोंडावर आलाय.”

हिमांशू लाजला, पण हटला नाही. सोबत आलेले हाराधन मिस्त्री इतका वेळ दाराशी उभे होते. माशीमांच्या घरचं सुतारकाम त्यांच्या बापापासून त्यांच्याकडे. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, “हे काढायचं कशाला? निरोगी दात उपटण्यातला प्रकार आहे. ह्याला असू द्या. आतून दुसरी चौकट घालू, तिला काच. खिडकीच्या आत खिडकी.”

“म्हणजे जुन्याला ठिगळ,” हिमांशू म्हणाला.

“ठिगळच. पण अंगरखा शाबूत राहतो ना?”

सदाशिवराव पेचात पडले. एकीकडे शिकलेला मुलगा, दुसरीकडे मिस्त्री. त्यांचा कौल नव्या खिडकीकडे झुकला, कारण त्यांना उतावीळ झाली होती आणि हिमांशू खात्रीने बोलत होता. तरी सुरुवातीला एकच खिडकी बदलून बघू, असं ठरलं. माशीमांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझ्या कामापुढे लाकडाचं काय मोठं?”

चार दिवस ठोकाठोक चालली. उत्तरेकडची खिडकी निघाली, भिंतीचा चुना ढासळला, वीट लावून जागा अरुंद केली आणि लोखंडी चौकट बसली. काढलेली झडप जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकवून ठेवली होती.

पाचव्या दिवशी सदाशिवराव बाजारातून आले तर जिन्याच्या पायरीवर माशीमा बसलेल्या. गुडघ्यांमुळे गेली सहा वर्षं त्यांनी जिना चढला नव्हता. त्या झडपेच्या एका पट्टीवरून बोट फिरवत होत्या. खालून चौथी पट्टी, तिची कड मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती.

“माशीमा? इथे का बसलात?”

“दहा वर्षांची होते रे मी, ह्या घरात आले तेव्हा,” माशीमा म्हणाल्या. “सुनांनी रस्त्याकडे बघायचं नाही, असा दंडक. सासूबाई दुपारी निजल्या की मी वर यायची आणि ह्या पट्टीला बोट लावून फट करायची. तेव्हा घोड्यांच्या ट्राम होत्या. रथ, वरात, दुर्गापूजेचं विसर्जन, सगळं कलकत्ता मी एवढ्याशा फटीतून पाहिलंय.” मग त्यांनी हात झटकला. “लाकूड आहे शेवटी. तू मनाला लावून घेऊ नकोस. ऐकू येत नाही ना आता ट्राम?”

सदाशिवराव पिशवी सावरत घाईने वर निघून गेले. कारण दुसऱ्या खिडकीला गाद्या टेकवूनही ट्राम ऐकू येत होती. चाकांची किंकाळी थोडी कमी झाली होती, घंटा दूर गेली होती, पण रस्त्यावरून येणारी ती जाड घरघर तशीच होती. उलट नव्या खिडकीच्या दोन्ही काचा ट्राम आली की एका सुरात गुणगुणायला लागत. गुणगुण काळी दोनच्या जवळपास भरे. ज्याचा जन्म सूर ऐकण्यात गेला त्याला हा छळच होता. वर ती खिडकी उघडायची सोय नव्हती. आषाढ लागला तसा दोन काचांच्या मध्ये दमटपणा शिरून धुकं धरलं, आणि तिथे कुणाचं फडकं पोहोचेना. कालिंदीबाई त्या धुक्याकडे बघून म्हणत, “मोतीबिंदू झालाय बिचारीला.”

मग सदाशिवरावांनी स्वतःच्या पद्धतीने शोध घ्यायचा ठरवलं. हाराधनांकडून फळ्यांचं एक खोल खोकं करून घेतलं, आत कापूस भरला, घड्याळाचा गजर लावून ते त्याच्यात ठेवलं. तोंडावर आधी दोन सारख्या पातळ काचा बोटभर अंतराने लावल्या. गजर दबला, पण स्पष्ट ऐकू आला. मग तेच अंतर वीतभर केलं. गजर शेजारच्या घरात गेल्यासारखा झाला. भात्याला लागतं ते मऊ कातडं आणि पट्ट्यांखालचा लोकरीचा जाड नमदा घरात होताच. त्याच्या पट्ट्या काचेच्या कडेने बसवल्या, तसा आवाज आणखी मागे हटला. तरी कुठेतरी गुणगुण उरली होती. दोन दिवस ते त्यावर विचार करत होते, आणि तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ताटावरून उठले.

“अगं, दोन्ही काचा सारख्या आहेत! एक बोलली की दुसरी तिला साथ देणारच. जोडीच आहे ती. आपण जन्मभर जोड्या जुळवत आलो, इथे जोडी मोडायला हवी!”

“आधी भात संपवा,” कालिंदीबाई म्हणाल्या.

हिमांशूला निरोप गेला. तो रागावेल असं वाटलं होतं, पण मुलगा सरळ मनाचा. तो खोक्यापुढे मांडी घालून बसला, दोन्ही प्रकार तीन-तीनदा ऐकले आणि म्हणाला, “आमच्या पुस्तकात थंडीचं लिहिलंय, सदाशिवबाबू. ट्रामचं मी माझ्या मनाने धरलं.” दुसऱ्या दिवशी एका मोडलेल्या दुकानाच्या दर्शनी कपाटाची जाड काच त्यानेच हातगाडीवरून आणली. ती आतल्या बाजूला बसवून शेवटची परीक्षा झाली.

“बंद!” सदाशिवराव ओरडले. “पूर्ण बंद.”

“नाही हो,” कालिंदीबाई म्हणाल्या, “बारीक येतंय अजून. ह्या कोपऱ्यातून.”

हिमांशूने कान लावला. “काकी बरोबर सांगतात.” कोपऱ्यातला नमदा दबला होता. तो नीट केला आणि मग खरंच बंद झालं.

लोखंडी चौकट निघाली. वीट फोडून जागा मोकळी झाली, ऐंशी वर्षांची झडप हाराधनांनी एकही खिळा वाया न घालवता जागच्या जागी बसवली. “मी म्हटलं होतं,” असं ते एकदाही म्हणाले नाहीत, फक्त रंधा मारताना शीळ घालत होते. दोन्ही खिडक्यांना आतून, जुन्या काचेपासून वीतभर आत, सागाची सडपातळ चौकट बसली. तिला जाड काचेची दोन दारं, कडेने नमदा आणि कातडं. काम असेल तेव्हा लावायची, उकडायला लागलं की उघडायची, मधली काच पुसायची. भिंतीला चार स्क्रूंखेरीज काही लागलं नव्हतं. उद्या कुणाला नको झालं तर तासाभरात निघेल आणि घर होतं तसं राहील, हे हिमांशूने स्वतः माशीमांना समजावून सांगितलं.

पहिल्या दिवशी दारं लावली तेव्हा ट्राम आली ती डोळ्यांना कळली, भिंतीवरून तिची सावली सरकली म्हणून. कालिंदीबाईंना स्वतःच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटू लागला. सदाशिवराव खोलीच्या मधोमध उभे राहून लहान मुलासारखे हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शैलाताईंची पेटी उघडली. कालिंदीबाई भात्याला बसल्या. मंद्र सप्तक, मध्य सप्तक झालं. तार सप्तकाला आले. पट्टी दाबली, ऐकलं, मान हलवली. “झालं हे. पुढचं.”

“हलतंय अजून,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“काय?”

“हा सूर. थरथरतोय.”

त्यांनी पुन्हा दाबली. डोळे मिटून ऐकलं. त्यांच्या कानात सूर सरळ होता. ट्राम नव्हती, आड घ्यायला काहीच नव्हतं. त्यांनी पुढची पट्टी दाबली. “हा?” “हा बरा आहे.” “हा?” “हा फार हलतोय.”

सदाशिवरावांनी कानस उचलली, बायकोकडे पाठ केली, एका जिभेच्या टोकाला नखभर घासलं, परत बसवली. “आता?” “वाढलं.” बुडाशी घासलं. “कमी झालं. अजून थोडं. थोडं. हां, थांबा. आता एक झाले.” असं त्यांनी सात वेळा केलं, कधी मुद्दाम बिघडवून, कधी काहीच न करता. सातही वेळा तिने बरोबर सांगितलं. त्यांना स्वतःला सातांपैकी एकदाही फरक कळला नाही.

त्यांनी कानस खाली ठेवली. ते काचेपलीकडे बघू लागले. रस्त्यावर माणसं तोंडं हलवत होती.

“कधीपासून ऐकतेस हे?”

“तीनेक वर्षं झाली असतील.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही म्हणत होतात, ट्राममुळे होतं.” कालिंदीबाई भात्याचा चामडी पट्टा बोटांत फिरवत होत्या. “मला ट्राममधूनही ऐकू यायचं. पण तुमच्या कानाला मी काय बोलायचं? तुम्ही अण्णा चांदोरकर. मी भाता मारणारी.”

“मग हा खिडकीचा एवढा खटाटोप का करू दिलास?”

“म्हटलं, तुमचंच खरं निघालं तर? निघावं असं वाटत होतं मला. देवाला नारळ बोलले होते त्यासाठी.”

सदाशिवरावांना हुंदका आला. तो गेलेल्या कानासाठी होता की तिच्यासाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं. कालिंदीबाईंनी भाता सोडला नाही. तशाच बसून राहिल्या आणि दुसरा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मग सदाशिवराव नाक पुसून म्हणाले, “मंद्र आणि मध्य अजून माझंच. तिथे तुझं ऐकणार नाही.”

“कुणी सांगितलंय ऐका म्हणून?”

शैलाताईंची पेटी त्या आठवड्यात पूर्ण झाली. त्यांनी वरच्या षड्जावरून खाली एक लांब तान घेतली, थांबल्या, पुन्हा घेतली. “अण्णा, हे कसं केलंत?” सदाशिवरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

त्यानंतर कालिंदीबाई कानस धरायला शिकल्या. वय पंचेचाळीस, बोटांना विळीची सवय, पण पितळ आणि विळी यांत फार फरक नाही, असं त्या म्हणत. पहिल्या महिन्यात त्यांनी अकरा जिभा मोडल्या. सदाशिवराव ओरडले, मग स्वतःच्या वडिलांनी आपल्याला किती मारलं होतं ते आठवून गप्प बसले. भाता आता ते मारत. शेंगा सोलायलाही शिकले, मात्र निम्म्या तोंडात टाकत. दुपारी काम थांबलं की आतली काचेची दारं उघडली जात. हाराधनांनी जिन्याला एक जास्तीचा कठडा लावून दिला होता, त्यामुळे माशीमा महिन्यातून एखाद्या वेळी वर येत, खिडकीशी बसत आणि रस्त्यावरच्या बायकांच्या नव्या तऱ्हेच्या ब्लाउजांवर टीका करत. हिमांशूने पुढे आणखी चार जुन्या घरांत आतल्या चौकटी बसवून दिल्या. लोखंडी खिडक्याही विकल्याच, पण विकण्याआधी आता तो गिऱ्हाइकाला विचारी, “तुम्हाला त्रास कशाचा होतो? थंडीचा, पावसाचा की आवाजाचा?”

दोन वर्षांनी सियालदहजवळच्या एका मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं. सहा पेट्या होत्या, सगळ्या एकमेकींशी जुळवून द्यायच्या. वर्गात पुरुषमाणसाला जायला परवानगी नव्हती. शैलाताईंनी तिथे नाव सुचवलं होतं, तेही एकट्या कालिंदीबाईंचं. हत्यारांची पिशवी घेऊन सदाशिवराव फाटकापर्यंत गेले. बायको आत गेल्यावर पहारेकऱ्याच्या बाकावर टेकले. तीन तास बसले. आतून कधीमधी एखादा सूर येई, त्यातले खालचे त्यांना ऐकू येत, आणि ते मान डोलावत.

पहारेकऱ्याने तंबाखू पुढे केली आणि विचारलं, “आपण कोण म्हणायचे, बाबू?”

“मी?” सदाशिवराव म्हणाले. “आत पेटीवाल्या बाई आल्यात ना, त्यांच्या घरचा.”